बारा वाट्यांचं वाण

"छत्तीस वर्षं मी सरकारी तिजोरी सांभाळली. एक किल्ली कधी इकडची तिकडे झाली नाही. सांभाळणं म्हणजे काय, हे जगाने माझ्याकडून शिकावं!"

हे मी माझ्या मुलीला, शाल्मलीला, आमच्या फ्लॅटबाहेर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून सांगत होतो. जिन्यात बसायचं कारण एवढंच, की दार ओढून घेताना लॅचची किल्ली मी आतच ठेवली होती.

याला आता सहा वर्षं झाली. शाल्मली दिवाळीला बंगळुरूहून साताऱ्याला आली होती. परदेशी कंपन्यांच्या मुलांच्या खेळांसाठी ती प्राण्यांची चित्रं काढायची आणि त्या कंपन्या तिला रुपयांऐवजी क्रिप्टोत पैसे द्यायच्या. हे पैसे दिसतात कसे, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, दिसत नाहीत. माझं समाधान झालं. तिजोरीतले पैसे मला छत्तीस वर्षं रोज दिसत होते, त्याने माझा काय फायदा झाला?

"म्हणूनच तुमच्याकडे आलेय," ती म्हणाली आणि पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला. "यावर बारा शब्द आहेत. इंग्रजी, साधेच. पण हे बारा, याच क्रमाने, ज्याच्या हाती लागतील त्याचे माझे सगळे पैसे. चार वर्षांची कमाई."

"आणि हरवले तर?"

"माझ्याकडे पेनड्राइव्हसारखं एक यंत्र आहे, त्यात ते असतात. पण ते बिघडलं आणि हेही हरवले, तर पैसे कुणाचेच नाहीत."

"बँकेत अर्ज करायचा."

"बँक नसते बाबा यात."

"मॅनेजर?"

"नसतो."

"मग तक्रार कुणाकडे करायची?"

"कुणाकडेच नाही."

तक्रारीला जागाच न ठेवणारं खातं मी सरकारी नोकरीतसुद्धा पाहिलं नव्हतं. मला त्या क्रिप्टोबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

मग तिने मला लहान मुलाला रस्ता ओलांडायला शिकवावं तसं समजावलं. कागदाचा फोटो काढायचा नाही. शब्द फोनवर किंवा कॉम्प्युटरवर टाइप करायचे नाहीत. कंपनीतून बोलतोय म्हणून कुणी मागितले, तर तो कितीही गोड बोलो, चोर समजायचा. दोन प्रती करायच्या, एक घरात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. "आणि आईला सांगून ठेवा," ती म्हणाली.

"दोन प्रती म्हणजे दोन चोरांची सोय," मी म्हणालो. "आणि आईला अजिबात नको. गुप्त म्हणजे गुप्त. घरच्यांनासुद्धा नाही."

"अहो बाबा, पण आईला तरी..."

तेवढ्यात माझी बायको मंदा भिशीवरून वर आली. तिने आमच्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं आणि पर्समधून स्वतःची किल्ली काढली.

"पुन्हा आतच का? आणि बापलेक कुजबुजताय काय जिन्यात?"

"हवापाण्याचं बोलत होतो," मी म्हणालो आणि कागद खिशात घातला.

परत जाताना शाल्मलीने एसटीच्या खिडकीतून एक गोष्ट आणखी सांगितली. कागद भिजतो, जळतो, त्याला वाळवी लागते. म्हणून परदेशात लोक हे शब्द स्टीलच्या पट्टीवर कोरून घेतात.

स्टीलवर कोरून! गाडी सुटली तरी मी स्टँडवर तसाच उभा होतो. परदेशातल्या लोकांना जे आज सुचलं, ते आमच्याकडच्या बायका आजीच्या काळापासून करत आल्या होत्या. आमच्या घरात नाव न घातलेलं भांडं एकच होतं, प्रेशर कुकर, आणि त्याच्या झाकणावर तरी होतंच.

दुसऱ्या दिवशी मी भांड्यांच्या बाजारात जाऊन एक डझन वाट्या घेतल्या. एका वाटीवर एक शब्द. बाराही शब्द एकाच माणसाच्या नजरेखालून जायला नकोत, म्हणून सहा वाट्या एका दुकानात आणि सहा दुसऱ्या टोकाच्या दुकानात दिल्या, त्याही उलटसुलट करून. तिजोरीला दोन कुलपं असतात आणि दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात, त्यातलंच हे.

नावं घालणारा यंत्र हातात घेऊन म्हणाला, "काय घालू? सौभाग्यवती अमुकतमुक?"

"नाही. या चिठ्ठीवरचं घाला. प्रत्येक वाटीवर वेगळं."

त्याने चिठ्ठी वाचली. "लेझी... टायगर... ही कोणाची नावं हो, साहेब?"

"नातेवाइकांची."

त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि यंत्र चालू केलं. प्रत्येक वाटीच्या बुडाला त्याने सवयीने 'सप्रेम' असंही घातलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

क्रमाचा आकडा मी मुद्दामच घातला नाही. क्रम होता तो वाट्यांच्या रचनेत. सगळ्यात वरची वाटी म्हणजे पहिला शब्द, तिच्याखालची दुसरा, अशा बारा. चोराने एखादी वाटी उचलली तरी हाती काय लागणार? एक इंग्रजी शब्द आणि माझं प्रेम. वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, सुतळी बांधली, गाठीवर लाखेचं सील केलं आणि पुडकं माळ्यावर सरकवलं. कागद नियमाप्रमाणे नष्ट केला. म्हणजे बाल्कनीत जाळला, आणि साक्षीदार म्हणून स्वतःच हजर राहिलो.

संक्रांतीच्या दिवशी मी पेन्शनर संघाच्या सभेला गेलो होतो. सभेत चहा दोनदा झाला आणि ठराव एकदाही झाला नाही, त्यामुळे परतायला साडेसात वाजले. दार मंदाने उघडलं. ती काळी चंद्रकळा नेसली होती, केसांत गजरा होता, आणि चेहरा असा, की लग्नाच्या फोटोनंतर मी तो पाहिला नव्हता.

"तिळगूळ घ्या," ती म्हणाली. "आणि सांगायचं तरी होतं!"

"काय?"

"उगीच भोळे होऊ नका. मी माळ्यावरून जुनी परडी काढायला गेले, तर पुडकं हाताला लागलं. वर लाखेचं सील! म्हटलं, यांचं भेट बांधणंसुद्धा कोषागारासारखंच. उघडलं तर वाट्या. मोजल्या तर बरोबर बारा. इमारतीतून हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका किती? बारा. आणि खाली 'सप्रेम'! मी आणलेल्या त्या प्लॅस्टिकच्या गाळण्या तशाच ठेवून दिल्या. सगळ्या वाट्या लुटल्या."

टेबलावर फाटलेलं वर्तमानपत्र होतं, त्यावर तुटलेलं लाखेचं सील. मी तिळगूळ हातातच धरून विचारलं.

"सगळ्या?"

"सगळ्या. दातारकाकू म्हणाल्या, हे इंग्रजी काय कोरलंय? मीही म्हटलं, ह्यांनी प्रत्येकीसाठी वर्षाचा एक शब्द काढलाय. वर्षभर तो जपायचा. काय खूश झाल्यात! शिंगटेबाई तेवढ्या जरा गप्प झाल्या. हेडमास्तरीणबाई त्या, आणि त्यांना 'लेझी' आली. आणि सगळ्यांना सांगितलं, ह्यांनी आणल्यात, स्वतः बाजारात जाऊन."

हे शेवटचं वाक्य तिने असं म्हटलं, की माझ्या तोंडापर्यंत आलेलं खरं बोलणं तसंच खाली गेलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. त्या काळात मी तिच्यासाठी स्वतःहून काय आणलं होतं, हे आठवून पाहिलं. एकदा थर्मामीटर आणला होता.

रात्रीचं जेवण होण्याआधीच इमारतीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो यायला लागले. हातात वाटी, नाकात नथ. 'माझा शब्द टायगर!' 'माझा अम्ब्रेला!' तळमजल्यावरच्या दातारकाकूंचा 'प्रॉब्लेम'. नुकतंच लग्न होऊन आलेल्या किडकिडीत सूनबाईंचा 'एलिफंट', त्याखाली एकवीस हसरे चेहरे. माझ्या मुलीने चार वर्षांत जमवलेलं सगळं धन एका संध्याकाळी अकरा फोटोंत आणि एका व्हिडिओत जगासमोर मांडलं गेलं होतं. फक्त क्रम तेवढा सुरक्षित होता. तो कुणालाच माहीत नव्हता. मलासुद्धा.

मी स्वतःची समजूत घातली, की यंत्र आहे ना तिच्याकडे. ते चालतंय तोवर शब्द कुणी विचारणार नाही.

दहा दिवसांनी शाल्मलीचा फोन आला.

"बाबा, एक लोचा झालाय. ते यंत्र जीन्सच्या खिशात राहिलं आणि मशीनला धुऊन निघालं. स्वच्छ झालंय, पण चालत नाही."

"वाळव ना उन्हात."

"वाळवलं. बंदच आहे. पण घाबरू नका, नवीन मागवलंय. शनिवारी घेऊन येते. त्यात ते बारा शब्द भरले की सगळे पैसे जसेच्या तसे. सोमवारी मला स्टुडिओच्या भागीदारीचे पैसे भरायचेत, नाहीतर ती दोघं दुसरा भागीदार घेणार. शब्द आहेत ना नीट?"

"अगदी... सगळ्यांच्या नजरेसमोर आहेत," मी म्हणालो.

"काय?"

"माझ्या. माझ्या नजरेसमोर."

मंगळवार होता. हातात चार दिवस होते.

बुधवारी मी दातारकाकूंकडे गेलो. मंदाने वाट्या पुडक्याच्या वरून एकेक काढून दिल्या असतील, तर बायका ज्या क्रमाने आल्या तोच शब्दांचा क्रम. एवढं गणित मला जमलं होतं.

"काकू, संक्रांतीला आमच्याकडे कोण कोणाच्या मागून आलं, काही आठवतंय?"

काकूंनी निवडत होत्या ती गवार बाजूला ठेवली. "का हो?"

"सहज. एक नोंद ठेवतोय."

"मोघेसाहेब, बायका कधी येतात, कधी जातात, याच्या नोंदी ठेवता तुम्ही? रिटायर झाल्यावर माणसाने देवळात जावं." मग आवाज चढवून म्हणाल्या, "आणि आता आलाच आहात तर सांगा, मलाच 'प्रॉब्लेम' का?"

मी पुढच्या बिऱ्हाडाला गेलो नाही.

गुरुवारी दुपारी मंदा शेजारी गेली असताना मी फेसबुकवरच्या एका क्रिप्टोवाल्यांच्या गटात प्रश्न टाकला: 'वॉलेटचे बाराही शब्द आहेत, क्रम गेला आहे. उपाय सुचवावा. आपला, मोघे, सहायक कोषागार अधिकारी (निवृत्त).' सरकारी पत्राला मला चार मिनिटांत उत्तर कधी आलं नव्हतं. इथे आलं. आणि लगेच मेसेंजरवर फोनही.

"नमस्कार मोघेसर. मी हेल्पडेस्कवरून बोलतोय. काळजीचं अजिबात कारण नाही."

आवाज इतका अदबशीर होता, की मी खुर्चीत सरळ बसलो. "आपलं पदनाम काय?"

"सीनियर रिकव्हरी ऑफिसर, सर."

ऑफिसर म्हटल्यावर मला बरं वाटलं. "बाराही शब्द आहेत हो, पण क्रम नाही."

"नसू दे ना, सर. आमच्या मशीनवर क्रम लागतो. तुम्ही फक्त बारा शब्द पाठवा. फोटो असतील तरी चालतील."

फोटो होतेच. मी ग्रुपवरचे अकरा फोटो आणि तो व्हिडिओ एकेक करून निवडले. शाल्मलीने जिन्यात काय सांगितलं होतं, ते मला आठवत होतं. पण शनिवारी दारात तिचा चेहरा कसा होईल तेही दिसत होतं, आणि फोनवरचा माणूस मला सर म्हणत होता. अंगठा बाणाच्या खुणेवर नेला.

"आणि सर," तो हळूच म्हणाला, "ही बाब गुप्त ठेवा. गुप्त म्हणजे गुप्त. घरच्यांनासुद्धा नाही. मिसेसना तर अजिबात नको."

अंगठा तिथेच थांबला. हे वाक्य मी कुठेतरी शब्दशः ऐकलं होतं. कुणाच्या तोंडून ते आठवायला थोडा वेळ लागला. माझ्याच.

"सर? पाठवताय ना?"

"आपण लेखी अर्ज करा," मी म्हणालो. "दोन प्रतींत. पोचपावती मिळेल." आणि फोन बंद केला.

संध्याकाळी मंदा पोळ्या लाटत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"मंदा, त्या वाट्या तुझ्यासाठी नव्हत्या."

लाटणं थांबलं नाही. "मग कोणासाठी होत्या?"

मी सगळं सांगितलं. जिन्यातलं, कागदाचं, यंत्राचं, शनिवारचं, दुपारच्या फोनचं. पोळी तव्यावर फुगली, उलटली, उतरली. पुढची पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "मला सांगायचं नाही, हे पोरगी म्हणाली का तुम्ही?"

"मी."

"वाटलंच." तिने गॅस बंद केला. "कागद घ्या. पेन्सिल घ्या, खोडता येईल. पहिल्या दातारकाकू."

"नक्की?"

"साडेचारला आल्या हो! मी साडीच्या निऱ्या घालत होते. त्यांना दुसऱ्या घरी जायचं नव्हतं, आपलं काय मांडलंय ते बघायचं होतं. दुसऱ्या कुलकर्णीबाई, त्या काकूंच्या मागावरच असतात. तिसरी ती नवी सूनबाई, सासूने पुढे पाठवली, जागा आहे का बघायला. चौथी तिची सासू."

"वाट्या वरून एकेक काढूनच दिल्यास ना? निवडून नाही ना दिल्यास?"

"निवडून दिल्या असत्या, तर हेडमास्तरीणबाईंना 'लेझी' दिली असती का?"

हा पुरावा कुठल्याही ऑडिटमध्ये टिकला असता. मी लिहीत गेलो. कोण कोणाशी बोलत नाही म्हणून थांबून मागून आली, कुणी अत्तर लावू दिलं नाही, कोण पाच मिनिटांत उठली आणि का, हे सगळं तिने मला पोळ्यांच्या परातीशेजारी उभं राहून सांगितलं. दहा जणी सुतासारख्या सरळ लागल्या. भोईटेवहिनी आणि शिंगटेबाई तेवढ्या जोडीने आल्या होत्या.

"कुंकू आधी भोईटेवहिनींना लावलं," मंदा डोळे मिटून म्हणाली. "वाण मात्र... नाही बाई. इथे माझं मागेपुढे होतंय."

"दोनच शक्यता आहेत. दोन्ही करून बघू."

शनिवारी शाल्मली आली. मी तिला ती चपला काढायच्या आत सगळं सांगून टाकलं. ती खाली बसली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्या फोनमध्ये तो ग्रुप उघडून बारा वाट्यांकडे.

"हे... गेले चौदा दिवस... इथे आहे?"

"क्रम नाहीये गं त्यात," मी म्हणालो.

"बाबा, बारा शब्द हातात असले, तर क्रम मशीन लावतं. त्या माणसाने तुम्हाला तेवढं खरं सांगितलं होतं."

तिने घाईघाईने नवं यंत्र काढलं. इवलंसं, दोन बटणांचं. त्यातच एकेक अक्षर दाबून ती शब्द भरू लागली. लॅपटॉप बंद, फोन उलटा. मंदा कागदावरून वाचत होती, शब्दांऐवजी बायका. "दातारकाकू. कुलकर्णीबाई. सूनबाई." शाल्मली ग्रुपवरून उतरवलेल्या यादीत बघून शब्द भरत होती. बारावी झाली. यंत्राने विचार केला आणि सांगितलं, चूक.

शाल्मलीने भरलेलं सगळं पुसलं.

"शिंगटेबाईंना आधी धर," मंदा म्हणाली.

पुन्हा बारा. बटणांचा टिकटिक आवाज तेवढा येत होता. मंदाने शाल्मलीच्या पाठीवर हात ठेवला होता. मी कुठे हात ठेवावा ते न कळून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. यंत्राने पुन्हा विचार केला. मग छोट्याशा पडद्यावर काहीतरी उजळलं आणि शाल्मली दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायलाच लागली.

"आहेत," ती म्हणाली. "सगळे आहेत."

रडणं संपायच्या आत ती पुन्हा कामाला लागली. ते शब्द आता इमारतीचे झाले होते. तिने नव्या बारा शब्दांचं नवं वॉलेट केलं, आधी थोडेसेच पैसे पाठवून पोचले का ते पाहिलं, मग सगळे हलवले. नव्या शब्दांच्या दोन प्रती हाताने लिहिल्या. एक बँकेच्या लॉकरसाठी तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. दुसरी पाकिटात घालून चिकटवली आणि, माझ्यासमोर, आईच्या हातात दिली.

"कुठे ठेवणार ते मला सांग, आई."

"ह्यांना?"

शाल्मलीने माझ्याकडे पाहिलं. "सांग," ती म्हणाली, "पण किल्ली देऊ नकोस."

सोमवारी तिचे भागीदारीचे पैसे भरले गेले. ती बंगळुरूला परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मंदा गॅलरीत चहा घेत बसलो होतो. खाली दातारकाकू वाटीतून तुळशीला पाणी घालत होत्या. मला राहवलं नाही.

"मंदा, एक सांग. मी तुला म्हणालो, वाट्या तुझ्यासाठी नव्हत्या, तेव्हा तू लाटणंसुद्धा थांबवलं नाहीस. तुला माहीत होतं?"

"चौतीस वर्षं झाली, अहो." तिने बशीत चहा ओतला. "तुम्ही माझ्यासाठी डझनभर वाट्या आणाल, एवढी मी भोळी नाही. मला वाटलं, पेन्शनर संघाची बक्षिसं असणार. दुसऱ्या आणतील."

"मग तरी लुटल्यास?"

तिने बशी दोन्ही हातांनी उचलली.

"दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतं, ह्यांनी आणलं. कुणाच्या ह्यांनी पैठणी आणली, कुणाच्या ह्यांनी ओव्हन. बारा बायकांसमोर एकदा तरी मलाही म्हणायचं होतं." तिने चहा फुंकला. "म्हणून घेतलं."

मी उठलो आणि आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं.

"आज मी खरंच आणतो. तुझ्यासाठी, स्वतः बाजारात जाऊन. वाट्टेल ते माग. काय आणू?"

ती विचारात पडली. कप खाली ठेवला. आत जाऊन फ्रिज उघडून पाहिला आणि पिशवी घेऊनच बाहेर आली.

"कोथिंबीर आणा," ती म्हणाली. "पण जुडी उलगडून बघून घ्या. आत पिवळी असते."